अण्णांनी पाणी तोडलं

आमच्या सोसायटीत टँकर कधी येणार याच्यापेक्षा अण्णांनी या आठवड्यात कुणाचं पाणी तोडलंय याची चौकशी जास्त होते. घाबरू नका, अण्णा पाणीपुरवठा खात्यात नाहीत. ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात, अक्कलकोटच्या रस्त्याला त्यांची डाळिंबाची बाग आहे, आणि त्यांनी अमक्याचं पाणी तोडलं म्हणजे अमक्याशी बोलणं बंद केलं, इतकाच त्याचा अर्थ.

ही पद्धत त्यांनी बागेतून घरी आणली. डाळिंबाला बहार धरायचा तर आधी झाडाचं पाणी तोडायचं. त्याला ताण देणं म्हणतात. झाड तहानलेलं ठेवायचं, पानं पिवळी होऊ द्यायची, गळू द्यायची, आणि मग नेमकी वेळ साधून पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून येतं. बाकीचे शेतकरी हे झाडांवर करतात. अण्णा माणसांवर करतात.

आमच्या दूधवाल्याचंच घ्या. मध्यंतरी दूध फार पातळ यायला लागलं. दुसरा कुणी असता तर भांडला असता. अण्णांनी दार उघडलं, पातेलं पुढं केलं, दूध घेतलं, दार लावलं. तोंडातून शब्द नाही. रोज तेच. आठवडा संपायच्या आत दूधवाला जिन्यात उभा राहून, "अण्णा, शिव्या द्या, पण बोला की हो!" म्हणून गयावया करायला लागला. त्या दिवशी दुधावर जाड साय आली. अण्णा ते पातेलं घेऊन आमच्या दारात हजर. बोटानं साय उचलून म्हणाले, "बगा बाई. बहार आला."

मला ते बाई म्हणतात, कारण मी जन्मभर मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. गोड बंद करा म्हणणाऱ्या डॉक्टरांचं त्यांनी पाणी तोडलं. टीव्हीवर ओरडून बातम्या देणाऱ्या एका मुलीचं तोडलं, म्हणजे टीव्ही चालू ठेवायचा आणि आवाज बंद करायचा. "सुधारंल," म्हणाले. एकदा मी त्यांच्या डाळिंबाला अनार म्हटलं तर माझंही तोडलं. जिन्यात समोर आले की भिंतीकडं बघायचे. मला बहारबिहार काही आला नाही. शेवटी वैतागून मी भर जिन्यात "डाळिंब, डाळिंब, डाळिंब! झालं का समाधान?" असं ओरडले, तेव्हा कुठं स्वारी हसली.

अशा माणसाकडं मी बागकाम शिकायला जायचं म्हणजे हौसच म्हणायची. पण माझाही नाइलाज होता. निवृत्त झाल्यावर मी गॅलरीत झाडं लावायचा सपाटा लावला आणि झाडांनी मरायचा. गुलाब गेला, मोगरा गेला, शेवंती गेली. निवडुंगसुद्धा गेला, आणि त्याला तर मी रोज प्रेमानं पाणी घालत होते. आमचे हे एरवी कशात पडत नाहीत, पण एक दिवस तुळशीकडं बघून म्हणाले, "हिला तरी सोड." दिवाळीच्या फराळाला अण्णा आले, त्यांनी गॅलरीतल्या रिकाम्या कुंड्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला.

"बाई, तुमी झाडं वाढवायलाव का मारायलाव? बागेत या. शिकवतो."

तळमजल्यावरच्या नसीमभाभीही माझ्याबरोबर निघाल्या. त्यांना गच्चीवर भाजी लावायची होती. आणि खरं सांगायचं तर घरातल्या नातवंडांचा कालवा सोडून कुठंही जायला त्या एका पायावर तयार असतात. अण्णांच्या जुन्या जीपमधून आमची वरात निघायची. जीप सायकलवाल्यांना वाट देत देत जाते. हवेत थंडी आलेली, दोन्ही बाजूंना ज्वारी गुडघ्याला लागलेली, आणि अण्णा पुढं बसून वाटेतल्या प्रत्येक बागेला नावं ठेवणार. "ह्यानं पाणी लई दिलंय. ह्याला काय कळत न्हाय."

बाग मोठी आहे. मधोमध कौलारू बंगला, पुढं पाण्याचा हौद आणि चारी बाजूंना डाळिंब. बंगल्याच्या खोल्या मात्र अण्णांच्या मंडळी गेल्यापासून बंदच असतात. एकुलती एक लेक गिरिजा पुण्याला नोकरी करते. अण्णा चहापुरती पडवी वापरतात, बाकी सगळा वेळ झाडांत.

पहिल्याच दिवशी मला एक गंमत कळली. अण्णांची घरची भाषा कन्नड. माणसांशी ते मराठीत बोलतात, झाडांशी कन्नडमध्ये. त्यातही वाटणी ठरलेली. रागवायचं मराठीत आणि कौतुक कन्नडमध्ये. एखादं झाड मनासारखं वाढलेलं दिसलं की खोडावर थाप मारून, "छलो ऐती, छलो ऐती," म्हणणार. म्हणजे छान आहे. मी म्हटलं, "अण्णा, आमचंही जरा कौतुक करा की कधी."

"करतो की. पण तुमाला कन्नड कुटं येतंय?"

मग छाटणी. हातात सिकेटर, म्हणजे फांद्या कापायची कात्री, दिली आणि समजावलं. बुडातून सरळसोट वर धावणारी फांदी म्हणजे पाणसोट. ती नुसती खाते, फळ देत नाही. ती काढायची. सोपं होतं. मी सरळसोट फांदी हेरली, नेम धरला आणि खट्कन कापली. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली. नुसते उभे राहिले. कुणाला पोचवायला आल्यासारखे.

"पाणसोट होता ना अण्णा?" मी बारीक आवाजात विचारलं.

"पाणसोट ह्यो शेजारचा. तुमी कापली ती घरातली कमावती हुती."

नसीमभाभींचं वेगळंच. त्या फांदी कापायच्या आधी झाडाला हात लावून, "माफ करना बेटा," म्हणायच्या, कापल्यावर परत एकदा म्हणायच्या, आणि पुढच्या फांदीकडं वळायच्या आधी पदरानं डोळे पुसायच्या. सबंध दुपारीत त्यांचं एक झाड होत नव्हतं. अण्णा लांबून ओरडायचे, "भाभी, छाटणी हाय ही, बिदाई न्हाय!"

नंतर खोडांना चुना आणि मोरचूद कालवून लावायचं काम आलं. मी खोडांना लावलं, साडीला लावलं, चष्म्याला लावलं. संध्याकाळी निळ्या हातांनी घरी गेले तर हे काही बोलले नाहीत. फक्त उठले आणि तुळस उचलून आत नेऊन ठेवली.

आणि मग ताण सुरू झाला. अण्णांनी ड्रीपचा व्हॉल्व्ह बंद केला आणि आम्हा दोघींना दम भरला की आता कुणी दया दाखवायची नाही. बघता बघता बाग पिवळी पडली. पानं गळायला लागली. शेजारीच हौद भरलेला आणि झाडं अशी कोमेजलेली, माझ्या जिवाला ते बघवेना.

"अण्णा, एकेक तांब्या तरी?"

"न्हाय. रोज पाणी मिळालं की झाड पानातच रमतंय. फुलाची आठवणच हुईत न्हाय त्येला."

"आणि तहानेनं मेलं तर?"

"तेच शिकायचं असतंय बाई. पाणी तोडाय काय, कुणीबी तोडतंय. कदी सोडायचं ते कळाय पायजे. ताण लांबला की काटकी वाळती. मग धरण आणून वतलं तरी उपेग न्हाय. आन पयलं पाणी द्यायचं ते हलकं. एकदम भसाभसा दिलं की झाड बावचळतंय."

हे सगळं ते इतक्या ठासून सांगत होते की मला हसू आवरेना. कारण हाच माणूस गेलं वर्षभर स्वतःच्या लेकीचं पाणी तोडून बसला होता, आणि सोडायचं कधी हे त्याला काही कळत नव्हतं.

त्याचं असं झालं. आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. सगळं घर शेतात जेवायला जातं. कडब्याची खोपी उभी करून तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडतात, पालेभाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील असा बेत असतो. अण्णा दरवर्षी सोसायटीतल्या निम्म्या लोकांना बागेत नेतात, आणि गिरिजा पुण्याहून येते. गेल्या येळवसला मीही होते. तेव्हा बाग मृगाच्या, म्हणजे पावसाळ्यात धरलेल्या, बहाराची होती, झाडांवर फळं लोंबत होती. अण्णांनी एक डाळिंब फोडून सगळ्यांच्या आधी लेकीच्या हातावर दाणे ठेवले. गिरिजानं तोंडात टाकले, एक डोळा मिटला आणि चारचौघांत म्हणाली, "अण्णा, आंबट आहे हो!"

सगळे हसले. अण्णा उठले. झालं, त्या दिवसापासून पोरीचं पाणी तोडलं.

बरं, तेही कसं? गिरिजा दर रविवारी फोन करायची. अण्णा फोन उचलायचे, कानाला लावायचे आणि गप्प बसायचे. मी एकदा विचारलं, "बोलायचं नाही तर उचलता कशाला?" तर माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच खुळी. म्हणाले, "उचलल्याबिगर बोलत न्हाय हे तिला कळणार कसं?" गिरिजा बिचारी मला सांगायची, "बाई, अण्णा नुसते श्वास घेतात हो." तरी ती बोलायची. ऑफिसचं, स्वयंपाकाचं, पुण्याच्या गर्दीचं. अण्णा श्वास घेत ऐकायचे आणि तिनं ठेवला की ठेवायचे.

दिवाळीपासून मात्र तिचा फोन यायचा बंद झाला.

 एका रविवारी सकाळी अण्णांनी आमचं दार वाजवलं. "बाई, जरा रिंग द्या की मला. फोन बिगडलाय वाटतंय." मी दिली. खिशात फोन खणखणला. "वाजतोय," म्हणाले, आणि नाराज होऊन गेले. पुढच्या रविवारी टॉवरला दोष दिला. त्याच्या पुढच्या रविवारी फोन पुसून उन्हात ठेवला. हसावं की रडावं मला कळेना. एरवी मी हसलेच असते.

तशात बागेत नसीमभाभींना ते झाड दिसलं. हौदाच्या पलीकडच्या कोपऱ्यात, बंगल्याच्या भिंतीला लागून. अख्खी बाग पिवळी फटक आणि हे एकटं हिरवंगार, पानं कशी तुकतुकीत! आम्हाला वाटलं नळी फुटली असेल. नळी चाचपली, कोरडी. आळ्यात, म्हणजे बुंध्याभोवतीच्या खोलगट मातीत, हात घातला तर माती ओली. अण्णांना हाक मारली. त्यांनी लांबूनच बघितलं आणि भलतेच चिडले.

"कोण पाणी घालतंय ह्येला? चोर हायत सगळी! शेजारचा आसंल, न्हायतर कोल्हं येऊन सांडत आसंल!"

"कोल्हा तांब्या घेऊन येतो का अण्णा?" मी विचारलं. 

मी गणिताची बाई. उत्तर चुकलं की पायऱ्या तपासायची मला सवय. त्या दिवशी जेवण झाल्यावर आम्ही दोघी पडवीत आडव्या झाल्यासारखं केलं आणि डोळे किलकिले करून पडून राहिलो. अण्णा उठले. इकडं तिकडं बघितलं. हौदातून मोठा तांब्या भरला, त्या झाडापाशी गेले आणि हात धुवायला लागले. धुतले. परत तांब्या भरून आणला, परत धुतले. परत गेले. मी जन्मात इतके हात धुणारा माणूस बघितला नव्हता. शेवटी घागरच उचलली, तेव्हा नसीमभाभींना राहवेना. त्या उठून बसल्या.

"अण्णा, हात धोरे की न्हारे?"

घागर हातातच राहिली. "हात... हात धुतोय की," अण्णा म्हणाले. "चिकट झाल्यात."

"अख्ख्या बागेचं पाणी तोडलंत आणि याला लपून पाजताय?" मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. सूड घ्यायची अशी संधी परत कुठून येणार! "याला बहार नको वाटतं?"

"ह्येला न्हाय आला तरी चालतंय."

"का? लाडाचं आहे?"

मी चेष्टेनं म्हटलं होतं. अण्णा घागर खाली ठेवून आळ्याच्या कडेला बसले. बराच वेळ मातीतले खडे वेचत राहिले. मग म्हणाले, "गिरिजाचं हाय. शाळंत असताना सुट्टीत आली हुती. ह्या हातानं तिला गुटी कलम बांदाय शिकवलं. सुतळी सापडंना तर केसातली रिबीन काडून बांदली तिनं. त्येचंच ह्ये झाड."

नसीमभाभींनी झाडाच्या खोडाला हात लावला.

"गेल्या येळवसला पयलं फळ ह्येचंच तोडलं बगा. तिला दिलं ते."

"ते आंबट निघालं?"

"निगणारच की! कच्चं हुतं. अजून पंदरा दिस तरी पायजे हुते त्येला." अण्णा मान वर न करताच बोलत होते. "पर ती सकाळच्या गाडीनं जाणार हुती. येती वरसातनं एकदा. तिच्या झाडाचं फळ तिनं कदी खायाचं मग? मला दम निगाला न्हाय. आन ती मलाच म्हनती आंबट हाय."

 दुसऱ्यांना महिना महिना तहानेलं ठेवणारा हा माणूस, आणि त्याला पंधरा दिवस धीर धरवला नव्हता. आणि हे त्या पोरीला कुणी सांगितलंच नव्हतं! मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली. शेवटी त्यांचाच धडा मी त्यांना म्हणून दाखवला.

"अण्णा, ताण लांबला की काय होतं?"

त्यांनी वेचलेले खडे हातातून टाकून दिले.

"काटकी वाळते. तुम्हीच शिकवलंत."

त्या दिवशी येताना जीपमध्ये त्यांनी एकाही बागेला नावं ठेवली नाहीत. मला वाटलं, आता परत माझं पाणी तोडलं.

येळवस अगदी तोंडावर आली. खोपी उभी करायला आम्ही बागेत गेलो होतो. मी कडब्याच्या पेंढ्या धरत होते, नसीमभाभी दोरी आवळत होत्या आणि अण्णा आमच्या कामाला मराठीत जे म्हणायचं ते म्हणत होते. मध्येच थांबले. खिशातून फोन काढला.

"बाई, पयलं पाणी किती द्यायचं, सांगा बगू."

"हलकं."

"हां." आणि ते त्या हिरव्या झाडापाशी जाऊन उभे राहिले. अण्णांना फोनचा स्पीकर बंद करता येत नाही, त्यामुळं रिंग आम्हालाही ऐकू येत होती. वाजली, वाजली, आणि उचलला. पलीकडून हॅलो नाही, काही नाही. अण्णा थांबले. आम्हीही थांबलो. नसीमभाभींच्या हातातली दोरी तशीच राहिली.

मग अण्णांनी फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडं वळून कुजबुजले, "उचललाय! नुसती श्वास घेतीय!" तोंड असं फुललेलं, जसं पोरीला बक्षीस मिळालंय. "माजं पाणी तोडलंय तिनं. माजीच लेक हाय."

मग फोन तोंडाजवळ धरला. "गिरिजा. थंडी हाय का तितं?"

श्वास.

"हितं हाय."

श्वास.

"बाई आल्यात. कडबा बांदायल्यात. काय येत न्हाय त्यास्नी."

हेही मी सहन केलं. हलकं पाणी देऊन झालं होतं, आता अण्णांनी थांबायला हवं होतं. धडा तसाच होता. पण त्यांचा हात त्या झाडाच्या फांदीवर गेला आणि सगळा धडा वाहून गेला.

"डाळिंब आंबटच हुतं," ते म्हणाले. "मी कच्चं तोडलं. तुज्या झाडाचं हुतं. तू सकाळी जाणार हुतीस." आवाज फाटला. मग एकदम कन्नडमध्ये, झाडांशी बोलतात त्या आवाजात, "बा यव्वा," म्हणाले. "बा."

बा म्हणजे ये, आणि यव्वा लाडानं लेकीला म्हणतात. नसीमभाभींना कुणी अर्थ सांगितला नव्हता, पण त्यांच्या डोळ्यांना पदर लागलाच होता.

पलीकडं नाक ओढल्याचा आवाज झाला. मग गिरिजा बोलली. "आंबील तुम्ही करू नका. मी येऊन करते. तुमची फार आंबट होते."

"आंबील आंबटच आसती गं!" अण्णा असे ओरडले की हौदावरची पाखरं उडाली. पलीकडून ती हसली. खूप दिवसांनी तिचं हसणं मी ऐकलं.

फोन झाला. अण्णांनी हौदातून तांब्या भरून घेतला आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले.

"हात धोरे, अण्णा?" नसीमभाभींनी हळूच विचारलं.

"व्हय," म्हणाले, आणि तोंडावर पाणी मारलं. मारतच राहिले. आम्ही दोघी मुकाट्यानं खोपीकडं वळलो आणि उरलेल्या पेंढ्या भराभर बांधून टाकल्या. लक्ष कुणाचं होतं कामात? खोपी एका बाजूला कलली, दार भलतीकडं झालं. थोड्या वेळानं अण्णा टोपीनं तोंड पुसत आले, खोपीभोवती एक चक्कर मारली, कललेल्या बाजूला हात लावून बघितला. मी शिव्या खायच्या तयारीनं उभी राहिले.

अण्णांनी खोपीवर थाप मारली, आमच्या दोघींकडं बघितलं आणि म्हणाले, "छलो ऐती."